गटार गावाबाहेर नेण्याआधी खडीचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर पाण्याचे नळ घरोघरी आले, तशी गटारेही वाहू लागली. त्यावर अनेक ग्रामपंचायतींच्या आराखड्यात एकच उतारा दिसतो: सगळे सांडपाणी बंदिस्त गटाराने वेशीबाहेर न्यायचे आणि तिथे शुद्धीकरण प्रकल्प बांधायचा. दोन हजार वस्तीच्या गावाचे गणित पाहा.

५५ लिटरपैकी दोन तृतीयांश गटारात गेले तरी दिवसाला साधारण ७० घनमीटर होतात. विजेवाचून चालणारी पद्धत म्हणजे आधी गाळटाकी, मग आडभिंतींची बंद टाकी, शेवटी कर्दळ किंवा पाणकणीस लावलेला खडीचा वाफा. वाफ्यात पाणी तीन दिवस थांबायचे, तर खडीतली पोकळी ४० टक्के धरून ५२५ घनमीटरचा वाफा लागतो. दोन फूट खोलीने सुमारे नऊ गुंठे जागा आणि १८५ ब्रास खडी. ब्रासला तीन हजार धरले तरी साडेपाच लाख. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या निकषाने पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये, म्हणजे ५ लाख ६० हजार. अनुदान नुसत्या खडीतच संपले, टाक्या आणि पाइप राहिलेच.

म्हणून वेशीपर्यंत येणारे पाणीच कमी करा. मुरमाड जमीन आणि अंगण असेल तिथे नांदेड जिल्ह्याने रुळवलेला शोषखड्डा पुरतो: चार फूट लांब, रुंद, खोल, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. मात्र काळ्या जमिनीची परीक्षा उन्हाळ्यात घेऊ नका. भेगांतून पाणी झरझर जाते, खड्डा पास होतो आणि श्रावणात माती फुगली की तोच तुंबतो. आदल्या रात्री खड्डा भरून ठेवावा, मगच सकाळी पातळी किती उतरते ते मोजावे. काळ्या मातीतली घरे आणि दाटीचे गावठाण, एवढ्यांचेच पाणी वाफ्यावर न्यावे.

वाफे बिघडतात ते बांधतानाच. खडी १० ते २० मिलिमीटरची आणि धुतलेली हवी. क्रशरची भुकटी तशीच गेली की तोंडाशीच चिखल धरतो आणि पाणी वरून वाहते. दोन्ही टोकांना अर्धा मीटर मोठे दगड टाकावेत. बाहेरच्या पाइपला फिरता एल्बो (वळणाचा जोड) असला की पातळी खडीच्या दोन इंच खाली राखता येते. उघडे पाणी दिसले की डास आलेच. गाळटाकीचे माप चोवीस तासांच्या सरासरीवर काढणे ही नेहमीची चूक. नळ सकाळी तास-दोन तासच येतो, धुणीभांडीही तेव्हाच उरकतात. तो लोंढा गाळ ढवळून थेट खडीत नेतो. पावसाळी पाण्याला वेगळी वाट आणि झडप नसेल, तर पहिल्याच वळवाला वाफा मातीने भरतो.

आणि ज्याला आपण 'सांडपाणी' म्हणतो त्यात निम्म्या गावच्या सेफ्टी टाक्यांचे (शौचालयाच्या सेप्टिक टँकचे) तोंड सोडलेले असते, ते वेगळेच. ती तोंडे शोषखड्ड्यात वळवल्याशिवाय वरचे एकही माप लागू पडत नाही.

तांत्रिक मंजुरी देताना जिल्हा परिषदेने तीन कागद मागावेत: भिजवून घेतलेली मातीची चाचणी, सेफ्टी टाक्यांची घरनिहाय यादी, आणि दर दोन वर्षांनी गाळ उपसायचा खर्च कोणत्या निधीतून होणार याचा ग्रामसभेचा ठराव.

आपले,
ग्रामीण सांडपाणी प्रकल्पांची आखणी करणारे काही अभियंते