लूनाचा निकाल

बडोदे, रविवार

प्रिय अन्या,

आठ महिने पत्र नाही की फोन नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत: बीपी गोळीवर, साखर शहाण्यासारखी, डावा लुळा हातपाय होता तिथेच. संपलं.

मंगळवारी दांडिया बाजारातून गल्लीत डावीकडे वळताना माझी तीनचाकी सायकल आडवी झाली. कोपर खरचटलं आणि दोन किलो टोमॅटोंची चटणी झाली. घरात एकमताने ठरलं, दोष पायाचा, सायकल विकून टाका. सुमन अजून अर्धंच बोलते. पाय निर्दोष आहे हे फक्त तुलाच पटेल, म्हणून हे पत्र.

बघ, दोनचाकी वळणात आत कलते, ही कलत नाही. मागे दोन चाकं, पुढे एक, म्हणजे टेकूचा त्रिकोण आणि त्याचं टोक पुढे. वळताना वजन बाहेर जातं नि आतलं मागचं चाक हलकं होतं. त्यातच ब्रेक दाबला की वजन पुढे, म्हणजे त्रिकोण निमुळता होतो तिथे येतं, आणि गाडी कलंडते. मी नेमकं तेच केलं. तेही पुढच्याच ब्रेकने, कारण मागच्याची मूठ डाव्या हातात, आणि तो हात संपावर. ब्रेक वळणाआधी लावायचा, चालण्याइतका वेग उतरला की मगच हँडल वळवायचं. बूड आणि खांदा आतल्या अंगाला टाकायचे. उजव्या वळणात हे जमतं. डाव्या वळणात अंग टाकायला डावी बाजूच लागते! शिवाय आपण रस्त्याच्या डावीकडून जातो, त्यामुळे ते वळण आखूडच मिळतं. यापुढे डावीकडे जवळजवळ थांबूनच वळणार. भाजीची पिशवी टोपलीत तळाशी, आसाजवळ. वर रचली की तोल वर जातो.

हो, लूना मोपेड आडवी झाली तेव्हाही हेच. कमाटीबागेसमोर तू ओरडलास, 'वळणात ब्रेक दाबू नको', आणि मी सगळा दोष बारीक खडीवर ढकलला होता. तीस वर्षांनी मान्य करतोय. वहिनींना हे वाचून दाखवू नकोस.

तुझा प्रश्न होता, घ्यावी का. घे, पण आधी फाटक मोज. मागची रुंदी पाऊण मीटरच्या आसपास असते, आणि जिन्यावरून चढवायचा विचारही नको. दोनचाकी सायकल येणाऱ्याला सुरुवातीला जास्त जड जातं, कारण तोल सांभाळायची सवय हातातून सुटत नाही नि हँडल नको तिकडे ओढलं जातं. पहिला आठवडा रिकाम्या मैदानात फिरव. थांबलास की पाय खाली टेकवू नकोस. सवयीने टेकवला आणि सायकल पुढे सरकली तर मागचं चाक टाचेवर चढतं. तुझं पाऊल घसरतं ना? टाचेला आधार देणारी पाटी पेडलला बसव, वरून वेलक्रोचा पट्टा. तो चांगल्या हाताने एका झटक्यात सुटला पाहिजे, हे दुकानातच बसून करून बघ. गुडघा पुरता वाकत नसेल तर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आखूड करून घे. पायाचा फेरा लहान होतो, पण जोर जास्त लागतो. म्हणून गिअरही हलका हवा.

रस्ता कडेला उतरता असला की ही कडेकडे ओढत राहते, म्हणून गटारापासून दीड हात आत चालव. खड्डा चुकवायला इथे एक नाही, तीन रेघा सांभाळायच्या: पुढचं चाक वाचलं तरी मागचं पडतं. गतिरोधकावर सरळ जा, दोन्ही मागची चाकं एकदम चढली पाहिजेत. साखळी लांब असते. बोटाने दाबून एक-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर कसून घे, नाहीतर भर चौकात उतरेल. आसाचे नट महिन्यातून एकदा बघ. आणि टोपली बघून लोक 'डुंगळी शुं भाव?', म्हणजे कांदा काय भाव, विचारतील, तेव्हा एखादा भाव तयार ठेव. मी वीस सांगतो.

चिंगीचं ठरलं म्हणे! अभिनंदन, तारीख कळव. नानांच्या घराचं काय झालं?

येताना ब्रेकची एक मूठ आण: उजव्या हाताची, एका मुठीत दोन्ही ब्रेकच्या केबली ओढणारी, उभं करताना अडकवायच्या लॉकसह. इथला दुकानदार 'मागवतो' म्हणतो नि विसरतो. ती बसेपर्यंत सायकल जिन्याखाली कुलपात आहे, आणि किल्ली सुमनकडे.

तुझा,
बंड्या