कौलारू खोलीतले बाथरूम आणि उघडे वासे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर कोकणात घरदुरुस्तीची कामे निघतात आणि अलीकडे त्यांत झोपण्याच्या खोलीचा एक कोपरा अडवून संडास-बाथरूम बांधण्याचे काम हटकून असते. गरज खरी आहे. गुडघे धरलेल्या वृद्धांनी भर पावसात रात्री परसात जावे असे कोणी म्हणणार नाही, आणि निवास-न्याहारीसाठी येणारा पाहुणाही आधी तेच विचारतो. आक्षेप आहे तो हे काम स्लॅबच्या घरात करावे तसे करण्याला.

कौलारू घरात आतल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत नेलेल्या नसतात. त्यांच्यावरून आणि कौलांच्या फटींतून वारा खेळतो, म्हणून पावसाळ्यात दमट झालेले वासे आणि रिपा पुन्हा सुकतात. लाकडातली ओल दीर्घकाळ 20 टक्क्यांच्या वर राहिली की त्याला कुजवणारी बुरशी धरते, आणि आषाढ-श्रावणातल्या आपल्या हवेत ते त्या मर्यादेच्या फारसे खाली नसतेच. त्यात रोजची गरम पाण्याची वाफ थेट वाशांवर गेली तर लाकूड किंजळीचे असो की ऐनाचे, फार काळ तग धरणार नाही. (पूर्वी चुलीच्या धुराने लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला थोडा तरी आळा बसे, गॅस आल्यावर तेही संपले.)

यावर गवंडी सुचवतात तो उपाय म्हणजे सबंध खोलीला पीव्हीसीचे छत मारणे. माझ्या मते तो मूळ दुखण्याहून वाईट आहे, कारण कौल सरकून गळू लागले किंवा वाळवी चढली तरी वासा खचेपर्यंत कोणाला कळत नाही. त्याऐवजी बाथरूम खोलीतच हवे असेल, तर ते साधारण सात फूट उंचीचे, स्वतःचे घट्ट छत असलेले वेगळे खोके म्हणून बांधावे. त्याची भिंत तुळईला किंवा वाशाला टेकू नये आणि वरचा वारा अडू नये. वाफ ओढणाऱ्या पंख्याची नळी माळ्यावर न सोडता बाहेरच्या भिंतीतून काढावी. संडासाच्या हवेची नळीही कौले फोडून वर नेण्यापेक्षा भिंतीच्या बाहेरून, वळचणीपलीकडून चढवावी. नळीसाठी वासा कापणे तर सर्वथा टाळावे. भिंतीचा चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) पाणी शोषतो, त्यामुळे आतून जलरोधक गिलावा हवाच. मागची पडवी मोकळी असल्यास मात्र तिथेच बाथरूम काढून खोलीतून दार द्यावे, हे सर्वांत सोपे.

शोषखड्ड्याकडे तर कोणी पाहतच नाही. जांभ्या दगडातून सांडपाणी लवकर झिरपते, म्हणून तो विहिरीपासून 15 मीटरांच्या आत कदापि नसावा, शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला असावा.

आपल्या घरबांधणीविषयक पुरवणीत शहरी सदनिकांची सजावट नियमित येते. येत्या हंगामातली कामे ठरण्यापूर्वी कौलारू घरांची दुरुस्ती करणाऱ्या इथल्या जाणत्या सुतारांचे व वास्तुविशारदांचे मार्गदर्शनही तिच्यात छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, राजापूर