मेर्जिमेक चोर्बासीत क्रीम नको, भाजलेला मैदा हवा

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीतली 'तुर्की मसूर सूप'ची कृती वाचली. सहा वर्षं मी अंकाऱ्यात राहते आणि हिवाळाभर आठवड्यातून दोनदा तरी हे सूप घरी करते, म्हणून लिहिल्यावाचून राहवलं नाही. पाऊण वाटी क्रीम, गरम मसाला आणि वर लसणाची फोडणी! चवीला ते लागेलही छान, पण ते मेर्जिमेक चोर्बासी, म्हणजे खरं तुर्की मसूर सूप, नव्हे.

दाटपणा क्रीमने येत नाही. दोन चमचे लोण्यात कांदा मऊ परतायचा, त्यात चमचाभर मैदा घालून कच्चा वास जाईपर्यंत भाजायचा. मग चमचाभर साल्चा, म्हणजे आटवलेला टोमॅटोचा गर. त्यावर धुतलेली वाटीभर मसूर डाळ, एक गाजर, एक लहान बटाटा, मीठ आणि सहा वाट्या गरम पाणी. काही घरांत पाण्याऐवजी हाडं उकळलेलं पाणी घालतात. जिरेपूड घातली तर चालते, हळद मात्र नाही. डाळ पार विरघळली की घुसळायचं आणि गाळायचं.

हे गाळणं आपल्या कृतीत नाहीच. पहिल्या हिवाळ्यात मीही ते टाळलं होतं. वरच्या मजल्यावरच्या तेझेंनी (तेझे म्हणजे मावशी, वयाने मोठ्या बाईला इथे असंच म्हणतात) एक चमचा तोंडात घेतला आणि म्हणाल्या, "ही डाळ झाली, चोर्बा नाही." तुर्की भाषेत सूप खात नाहीत, पितात. मग स्वतःच चाळण मागून घेतली आणि पळीच्या पाठीने सगळं दाबून काढलं. वर उरला तो मूठभर चोथा. तेव्हापासून मी गाळल्याशिवाय वाढत नाही.

शेवटचं लोणी तर नीट सांगायलाच हवं. लोणी वितळून फेस धरतं, फेस बसला की आच बंद करायची आणि मगच पुल बिबेर, म्हणजे लाल मिरचीचा भरडा, टाकायचा. आचेवर टाकला तर काळा पडून कडवटतो. बंद केल्यावर टाकला तर लोणी लालभडक होतं आणि पिवळ्या सूपवर ओघळ नुसते बघत राहावेत असे उमटतात. सोबत चिमूटभर वाळलेला पुदिना. लिंबाची फोड ताटलीत ठेवायची, ज्याने त्याने आपल्या वाडग्यात पिळायची, पातेल्यात नाही.

चौकटीत 'एझोगेलिन' हे याच सूपचं दुसरं नाव म्हटलं आहे, तेही चूक. एझोगेलिनमध्ये मसुरीसोबत तांदूळ आणि बुल्गुर, म्हणजे उकडून वाळवलेल्या गव्हाचा भरडा, असतो, पुदिना सढळ असतो आणि बहुधा ते गाळत नाहीत. हे नाव आग्नेय तुर्कस्तानातल्या गाझिअन्तेपकडच्या एका स्त्रीवरून पडलं. एझो गेलिन, म्हणजे एझो सून. १९०९ साली जन्मलेली ही बाई लग्न होऊन सीरियात गेली आणि १९५६ साली तिकडेच वारली. तिच्या नावाची ओळख अशी पुसू नये, असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही दुरुस्त्या पुढच्या पुरवणीत छापाव्यात ही विनंती. जमल्यास एवढंही जोडा: हे सूप गार झालं की घट्ट बसतं. पुन्हा गरम करताना त्यात उकळतं पाणी घालावं आणि लोणी नव्याने करावं.

आपली,
एक वाचक, अंकारा