सात आसनी गाडी घेताना आधी तिसरी रांग तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की वाहनांच्या जाहिरातींनी पाने भरतात. फोटो सर्वांत महागड्या व्हेरियंटचा, किंमत सर्वांत स्वस्त व्हेरियंटची, आणि दाखवलेल्या सुविधा सगळ्या व्हेरियंटमध्ये नाहीत ही ओळ भिंगातून वाचावी एवढी बारीक. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली घरे आजी-आजोबांसह सौंदत्तीच्या डोंगराला किंवा आंबोलीला एकाच गाडीतून निघतात, म्हणून तीन रांगांच्या छोट्या गाड्यांना इथे मागणी आहे. पण शोरूममध्ये बोलणे होते ते सनरूफ आणि स्क्रीनवर. मागे बसणाऱ्याचे काय, हे कोणी विचारत नाही.

कसोटी सोपी आहे. जे नंतर बाहेरून बसवता येते, त्यासाठी वरचे व्हेरियंट घेऊ नये. टचस्क्रीन, कॅमेरा, अलॉय व्हील, फॉग लॅम्प नंतर बसतात. फक्त वायर न कापता कपलरनेच, म्हणजे तयार प्लगनेच, जोडून घ्यावेत, नाहीतर वायरिंगची वॉरंटी नाकारली जाते. मागचे एसी ब्लोअर, मागचा वायपर, मागच्या काचेवरचे धुके घालवणारा डिफॉगर, एअरबॅग, तिसऱ्या रांगेचे खांदा आणि कंबर दोन्ही धरणारे तीन-बिंदू सीटबेल्ट आणि हेडरेस्ट मात्र कारखान्यातूनच यायला हवेत. पैसे तिथे घालावेत.

छतावरच्या व्हेंटचे दोन प्रकार असतात. एकात नुसता पंखा केबिनमधलीच हवा ओढून मागे फेकतो, दुसऱ्यात मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल असते. ब्रोशरमध्ये दोन्हींना ‘रिअर एसी’ म्हणतात. टेस्ट ड्राइव्हला एसी दहा मिनिटे चालवून पुढच्या आणि मागच्या व्हेंटसमोर हात धरावा. मागची हवा कोमट लागली तर तो पंखाच. एप्रिल-मेच्या उन्हात सात माणसांना तो पुरत नाही. त्याच वेळी दुसरी रांग स्वतःच्या गुडघ्यांना पुरेल एवढी मागे घेऊन तिसऱ्या रांगेत बसून पाहावे. तिथली फरशी उंच असते, त्यामुळे गुडघे वर येतात आणि मांडीला आधार राहत नाही. म्हाताऱ्या माणसांना तिथे बसवू नये. लहान मुलाची सीट दुसऱ्या रांगेत ड्रायव्हरच्या मागे बांधावी. डावीकडे बांधली तर ती बाजू दुमडत नाही आणि फुटपाथकडून मागे जाण्याची वाटच बंद होते.

अर्टिगा, कॅरेन्स आणि नवी ट्रायबर या तीन रांगांच्या गाड्यांमध्ये आता सर्व व्हेरियंटना सहा एअरबॅग आहेत. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का, हे वेगळे विचारावे. बाजूच्या एअरबॅग सीटमध्येच असतात. त्यावर घट्ट साधे कव्हर चढवले तर त्या नीट उघडत नाहीत. बोलेरो निओच्या मागच्या सीट आडव्या, एकमेकींसमोर आहेत. एप्रिल 2024 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत या गाडीला पाचपैकी एकच तारा मिळाला. शेताच्या वाटेला ती दणकट आहे, पण त्या सीटवर मुलांना बसवून महामार्गावर जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जांबोटी-चोर्ला भागात पावसाळ्यात मागची काच चिखलाने भरते, कारण सपाट पाठीची गाडी रस्त्यावरचे पाणी आपल्याकडेच ओढते. वायपर नसेल तर मागचे काही दिसत नाही. सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी छतातून आत उतरते. पावसाआधी मगभर पाणी खोबणीत ओतून ते गाडीखाली पडते का, बघावे. सात माणसे बसली की मागचा भाग खाली बसतो आणि हेडलाइट वर उचलले जातात. तेव्हा हेडलाइट लेव्हलिंगच्या बटणाने प्रकाशझोत खाली घ्यावा आणि टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ‘पूर्ण भार’ म्हणून दिली असते तेवढी भरावी. तिसरी रांग उभी असताना अर्टिगात सामानाला 209 लिटर जागा उरते. सीएनजीची टाकी तीही खाते.

आता पैशाचे. कर्नाटकात गाडीचा आजीवन रस्ता कर 5 ते 10 लाखांपर्यंत 14 टक्के, 10 ते 20 लाखांपर्यंत 17 टक्के, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. शिवाय करावर 11 टक्के सेस, म्हणजे उपकर. 9.95 लाखांच्या व्हेरियंटवर कर 1,39,300 रुपये, तर 10.05 लाखांच्या व्हेरियंटवर 1,70,850. किमतीतला फरक दहा हजारांचा, करातला सेससह सुमारे 35 हजारांचा. म्हणून दहा लाखांच्या रेषेजवळ प्रत्येक व्हेरियंटचा ऑन-रोड, म्हणजे कर-विमा धरून एकूण, आकडा लेखी घ्यावा. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे, मोठ्यांना 40. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत 11 टक्के कर आहे म्हणून कोल्हापूरचा नंबर घेण्याचा सल्ला दिला जातो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार 12 महिन्यांहून जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते.

बेळगावच्या विक्रेत्यांनी व्हेरियंटनिहाय तक्ता मराठी आणि कन्नडमध्ये शोरूमच्या दारात लावावा, आणि आपणही सणाच्या पुरवणीत मागच्या सीटचे रकाने देऊन तो छापावा, ही विनंती.

आपले,
काही वाचक, टिळकवाडी, बेळगाव