गुलाबी कातडीच्या घोड्यांना खुरांचे बूट घेताना

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मार्गशीर्षाच्या अखेरीस भरणारी माळेगावची खंडोबाची यात्रा जवळ आली की आमच्या लोहा, कंधार भागातील घोडेवाल्यांची खरेदी सुरू होते. खोगीर, मोहरकी, घुंगरांचे पट्टे यांच्या जोडीला अलीकडे खुरांवर चढवायचे रबरी बूटही घेतले जाऊ लागले आहेत. नालबंद दुर्मीळ झाले, वराती डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यांवरून निघू लागल्या आणि लोखंडी नाल अशा रस्त्यावर घसरते; त्यामुळे ही सोय अनेकांना पटली यात नवल नाही. माझी तक्रार बुटांविषयी नाही, ते निवडण्याच्या पद्धतीविषयी आहे.

आपल्याकडे मान आहे तो नुकऱ्याला आणि पंचकल्याणीला. नुकरा जन्मतःच पांढरा असतो व त्याची कातडी गुलाबी असते. पंचकल्याणीच्या चारही पायांवरील पांढऱ्या पट्ट्यांखालीही बहुधा तशीच कातडी असते. (वयाबरोबर पांढरा होत गेलेला घोडा निराळा, त्याच्या पांढऱ्या केसांखाली कातडी काळसर असते.) गुलाबी कातडी उन्हाने भाजते, ओलीने फुगते आणि घासली की लवकर सोलवटते. म्हणजे ज्या जनावरांना बूट घालून मिरवायचे, नेमकी त्यांचीच कातडी सर्वांत नाजूक.

माझ्या पंचकल्याणी घोडीसाठी मी एका विक्रेत्याकडून केवळ नंबर सांगून बूट मागवले. तळ जाड होता, पकडही उत्तम होती. दुसऱ्या दिवशी बूट काढले तेव्हा टाचेमागच्या मऊ गोळ्यांच्या वर दोन बोटे रुंदीची केस गेलेली लाल पट्टी दिसली आणि त्यात बुटाच्या शिवणीचा ठसा जसाच्या तसा उमटलेला होता. तेव्हापासून मी बूट आधी उलटा धरून त्याचा वरचा काठ पाहतो, तळ नंतर. काठावर आतून बोट फिरवावे. शिवण, रिबीट किंवा कडक घडी लागली तर तो बूट नाजूक पायासाठी नाही. खुरावरील केसांच्या रेषेच्या खालीच संपणारा बूट अशा घोड्याला सर्वांत सोयीचा. घोट्याखाली पट्टा आवळावाच लागत असेल तर तो रुंद व मऊ असावा. मात्र पाणबुड्यांच्या पोशाखाला वापरतात तसल्या फुगीर रबरी कापडाचे अस्तर घाम धरून ठेवते आणि रबर तयार करताना वापरलेली काही रसायनेही एखाद्या जनावराला सोसत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी वीस मिनिटेच चालवावे, बूट काढून हात फिरवावा, कातडी गरम लागली तर थांबावे.

माप खूर कानसून झाल्यावरच घ्यावे. सर्वांत रुंद जागी रुंदी आणि पुढच्या टोकापासून खूर मागे जिथे जमिनीवर टेकतो तिथपर्यंतची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये; मागचे मऊ गोळे लांबीत धरू नयेत. पुढचे खूर गोल व मोठे, मागचे निमुळते, त्यामुळे चारही पायांना एकच नंबर क्वचितच बसतो. खूर महिन्याला पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून कानस मारल्यावर चपखल बसलेला बूट दीड महिन्यात आवळू लागतो. त्या भीतीने लोक एक नंबर मोठा घेतात, आणि ती चूक अधिक महाग पडते: सैल बूट फिरतो, आत माती व कुसळे शिरतात आणि पाऊल टाकताना कातडीला कानस लागल्यासारखे होते. त्यावर खोबरेल तेल चोपडणे हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे, पण धुळीच्या रस्त्यावर तेलाने ती धूळ तिथेच चिकटून बसते.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने घोट्याखाली खपल्या धरतात. तो जिवाणूंचा रोग आहे, त्यावर बूट चढवणे म्हणजे जखम झाकून वाफवणे. घासल्याची खूण काठाच्या रेषेतच असते, खपल्या मात्र बूट न घालताही येतात. संशय असेल तर परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. आणि ज्या घोड्याला कोणताच काठ सोसत नाही त्याला चांगला नालबंद शोधून नाल मारावी, कारण नाल कातडीला शिवतच नाही.

माळेगाव यात्रेच्या आयोजकांना व पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे की यंदा घोडेबाजारात बूट पायात घालून पाहण्याची व्यवस्था करावी. घोडा स्थिर उभा राहील एवढी सपाट जागा, निरनिराळ्या मापांचे नमुने आणि कानस घेऊन बसलेला एक नालबंद, इतके त्यासाठी पुरे.

आपला,
एक घोडेवाला
लोहा, जि. नांदेड