ज्येष्ठांना कामावर ठेवायचे तर आधी दिवे तपासा

महोदय,

ज्येष्ठांनी कार्यरत राहावे असे सगळेच म्हणतात. कामाची जागा मात्र पंचविशीतल्या माणसाच्या मापाचीच राहते. वयाबरोबर डोळ्यातली बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते. त्यामुळे साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. वाचन-लेखनाच्या टेबलावर नेहमीच्या ५०० लक्सऐवजी (लक्स म्हणजे जागेवर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) ७५० ते १००० लक्स हवेत. पण छतावरचे दिवे वाढवले की चकाकी वाढते आणि डोळे दिपतात. ही चूक सर्रास होते. त्याऐवजी हलवता येणारा टेबललॅम्प द्यावा. तो लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला ठेवावा, म्हणजे कागदावर सावली पडत नाही.

कानांचेही तसेच. आधी वरच्या पट्टीतले आवाज हरवतात, ‘स’, ‘फ’सारखी अक्षरे निसटतात. बैठकीत ओरडून उपयोग नाही. गोंगाट कमी करा, समोर बघून बोला, एका वेळी एकानेच बोला.

कामाच्या पाळ्या बदलायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने बदलाव्यात. उलट क्रम झोपेला फार जड जातो.

ज्येष्ठांच्या मंडळांनीही केवळ फेरफटक्यावर थांबू नये. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. सुरुवात खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहण्यापासून करता येते.

– एक वाचक