बर्लीचं रीळ जपणाऱ्या तुम्हांस

सप्रेम नमस्कार,

चार्ली बर्ली विरुद्ध ऑकलंड बिली स्मिथ, 1946 ची मुष्टियुद्धाची लढत. बर्लीची दुसरी एकही लढत फिल्मवर पाहायला मिळत नाही. हे रीळ तुम्ही रद्दीत जाऊ दिलं नाहीत, म्हणून हे आभाराचं पत्र.

कागदावरचा बर्ली भक्कमच आहे. शंभराच्या आसपास व्यावसायिक लढती आणि तो स्वतः एकदाही नॉकआउट झाला नाही. 1944 मध्ये हॉलिवूडला त्याने आर्ची मूरला खाली पाडलं आणि गुणांवर हरवलं. तोच मूर पुढे 1952 मध्ये लाइट हेवीवेट वजनगटाचा जगज्जेता झाला. बर्लीला मात्र जगज्जेतेपदासाठी एकदाही रिंगमध्ये उतरू दिलं गेलं नाही. होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल, कोको किड, एडी बुकर हे सगळे याच रांगेतले कृष्णवर्णीय. हरण्याचा धोका मोठा आणि तिकिटांचा गल्ला लहान, म्हणून जगज्जेत्यांचे मॅनेजर त्यांना टाळत राहिले. बर्ली पुढे पिट्सबर्ग पालिकेच्या कचरागाडीवर कामाला लागला.

कॅमेराही जगज्जेत्यांच्याच मागे असे. त्यात 1910 मध्ये कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सनने गोऱ्या जेफ्रीजला हरवलं, आणि दोन वर्षांनी अमेरिकेत लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी आली. ती उठली 1940 मध्ये. मधली 28 वर्षं फिल्म काढणाऱ्याची बाजारपेठ आकसली. हॅरी ग्रेब तर जगज्जेता होता, तरी त्याची एकही लढत आज पडद्यावर दिसत नाही, दिसतो तो फक्त सराव. ज्या काही फिल्म निघाल्या, त्यांतल्या कित्येक फिल्मवरच्या थरातली चांदी काढण्यासाठी धुतल्या गेल्या.

तुमच्यामुळे आम्हांला बर्लीचे हात कुठे असतात ते दिसलं. ते खाली असतात. कमरेतून मागे झुकून तो ठोसा नाकासमोरून जाऊ देतो आणि समोरच्याचा हात परत जायच्या आत उजवा मारतो. हे वर्तमानपत्राच्या चार ओळींत मावत नाही, आणि गुणांच्या तक्त्यात तर नाहीच.

पत्र उघडं लिहिण्याला कारण आहे. असे डबे अजून कुणाच्या माळ्यावर असतील. त्यांनी रीळ आधी प्रोजेक्टरवर चढवू नये, ही कळकळीची विनंती. 16 मिलिमीटर फिल्मच्या 100 फ्रेम सपाट ठेवून पट्टीने मोजा. नवी फिल्म 762 मिलिमीटर भरते. 754 च्या आसपास भरली, तर ती एक टक्का आकसली आहे. प्रोजेक्टरचे दाते मग छिद्रांत नीट बसत नाहीत आणि कडा फाडत जातात. अशी फिल्म दाते नसलेल्या स्कॅनरवरच द्यावी. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला, तर तो इतर डब्यांपासून लगेच दूर करा. ती आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. घट्ट बंद ठेवू नका, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. 35 मिलिमीटर फिल्मच्या कडेला ‘नायट्रेट’ असं छापलेलं असेल, तर ती घरात ठेवूच नका, फिल्म संग्रहालयाला कळवा. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही.

स्कॅन झाल्यावर खरी चूक होते ती वेगात. फेरी तीन मिनिटांची, म्हणून ती स्वतःच घड्याळ आहे. घंटा ते घंटा फ्रेम मोजा: 4,320 भरल्या तर सेकंदाला 24, आणि 2,880 भरल्या तर 16. सोळाची फिल्म चोवीसने चालवली की तीन मिनिटांची फेरी दोन मिनिटांत संपते. बर्लीचं ते संथ मागे झुकणं मग दचकल्यासारखं दिसतं, आणि बघणारा त्याला घाबरट ठरवतो. एका माणसाच्या आयुष्यभराच्या कौशल्यावर हा अन्याय आहे.

चावीच्या कॅमेऱ्याने काढलेली फेरी मोजताना जपायला हवं. एका चावीवर तो साधारण मिनिटभरच चाले. 100 फुटांच्या रिळात 4,000 फ्रेम, म्हणजे सोळाच्या वेगाने चार मिनिटं दहा सेकंद. मध्येच थांबून चावी द्यायची, रीळ बदलायचं, असं चाले. म्हणून सगळ्या फेऱ्या मोजून सर्वांत लांब भरलेली धरा. मुष्टियोद्धा एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसला, की तिथे तुकडा गेला आहे. जुन्या प्रतींत कधी कधी प्रत्येक दुसरी फ्रेम दोनदा छापलेली असते. ती जास्तीची आधी काढा, मगच मोजा. दोरीमागच्या पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसली, तर फिल्म उलट्या बाजूने स्कॅन झाली आहे आणि उजवा हात डावा झाला आहे. सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम ‘तयार’ करू नका. त्यात हातमोजा विरघळतो आणि कधीच न बसलेला ठोसा बसलेला दिसतो.

ही सगळी खटपट करायला हाती काही तरी असावं लागतं. बर्लीच्या बाबतीत ते तुम्ही ठेवलंत.

कळावे, लोभ असावा.

जुन्या लढती फ्रेम-फ्रेम पाहणारे
आपले ऋणी